आतून नारिंगी

अकोटला एसटी स्टँडमागे मोटारसायकली रंगवणारा एक पेंटर आहे. कोणताही रंग तो आधी आपल्या डाव्या अंगठ्याच्या नखावर मारून पाहतो. त्याचं नख पाहिलं की आज कोणाची गाडी कामात आहे ते आम्हाला कळतं.

माझ्या झेरॉक्सच्या दुकानातल्या कम्प्युटरचा पत्र्याचा डबा आतून गंजला, तेव्हा तो रिकामा करून मी त्याच्याकडे नेला. म्हटलं, "कोणताही काळा मारून द्या. आत कोण पाहून राहिलं?"

"मंग गंज काहून दिसला तुमाले?" तो म्हणाला.

आट्यांत रंग जाऊ नये म्हणून त्याने स्क्रूच्या प्रत्येक भोकात आगकाडीचा तुकडा बसवला. घासून, अस्तर मारून, वाळवून चौथ्या दिवशी डबा दिला. आतून लख्ख नारिंगी. नखही नारिंगी.

आठवड्याने तो आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आला. दुकानात गर्दी होती. कार्ड हातातच धरून म्हणाला, "भाऊ, पहिले कम्प्युटरच्या डब्याचं झाकण खोला. मले पाहू द्या."

मी खोललं. त्याने वाकून चारही कोपरे पाहिले, मग रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनाही जवळ बोलावलं. "भोकं पाहा," तो त्यांना म्हणाला. दोघांनी मान डोलावली. तो खुशीत निघून गेला, झेरॉक्स न काढताच.

तेव्हापासून मी झाकण लावलेलं नाही. आत धूळ जाते, रोज सकाळी ब्रश मारावा लागतो. पण त्याची झेरॉक्स अजून राहिली आहे.