रिगरदादांची पकड

सृष्टीचा आद्य शिल्पकार जो विश्वकर्मा, त्यास वंदन करून, रिगरदादांच्या निधनाची वार्ता वर्ध्याहून आली त्या निमित्ताने हे लिहीत आहे.

दादा कुणाच्याही घरी गेले तरी खुर्ची दोन्ही हातांनी हलवून पाहिल्याशिवाय बसत नसत. भिलाईच्या कारखान्यात अवजड यंत्रे दोरांनी बांधून उचलण्याचे, म्हणजे रिगरचे, काम त्यांनी आयुष्यभर केले. मी तिथल्याच मरोदा वसाहतीत राहणारा संस्कृतचा शिक्षक; माझी खुर्चीही या परीक्षेतून सुटली नाही. "लोखंडाले लाज नसते, गुरुजी," ते म्हणत, "मोठ्या मानसाच्या अंगावरबी पडते."

रविवारी ते वसाहतीतील मुलामुलींना बालोदकडील टेकडीवर कातळ चढायला शिकवीत. चढणाऱ्याच्या कमरेची दोरी वरच्या कडीतून खाली येते आणि खालचा मनुष्य ती सांभाळतो. त्याच्या पट्ट्याला अडकवलेले, दोरी आवळून घसरण रोखणारे मुठीएवढे साधन म्हणजे बिले. ते निवडण्यात दादा आठवडे घालवीत. दोरीची जाडी मापत, साधनाच्या कडांवरून अंगठा फिरवीत. साधन दोरीले पाहून घ्याचं, दुकानदाराले पाहून नाही, हे त्यांचे सूत्र.

एका वर्षी आमच्या शेजारच्या, लेथवर काम करणाऱ्या टर्नरांनी इंग्रजी आठाच्या आकाराचे पोलादी बिले स्वतः घडवले. आपल्या गावचे पोलाद, म्हणून सर्वांना त्याचा अभिमान. विश्वकर्मापूजेला ते हत्यारांच्या रांगेत मांडले गेले. पौरोहित्य माझ्याकडे होते. प्रत्येक हत्याराला तेलाचे बोट लावण्याची आमची रीत. मी त्या आठालाही आतून-बाहेरून लावले, समंत्रक, भक्तिभावाने.

पुढच्या रविवारी त्या बिलेवर प्रथम चढणार होती माझी सोळा वर्षांची मुलगी वसुधा. दोरी बांधून ती उभी असताना दादांनी तिला बाजूला केले आणि तिच्या वजनाचे वाळूचे पोते बांधवून घेतले. टर्नर हसले, "दादा, आता देवाचीबी टेस्टिंग लावता का?" पोते वर ओढले, सोडले. दोरी दादांच्या हातमोज्यांतून सळसळत निघून गेली आणि पोते खडकावर आपटून फुटले.

मग टर्नर म्हणाले की दादांची पकड सुटली, वय झाले आता. दादांनी हातमोजा हुंगला, माझ्याकडे पाहिले, आणि मला सारे कळले. जवळ येऊन ते केवळ मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पूजेत खोट नाही, गुरुजी. पन तेलाले का मालूम, ते पूजेचं हाये म्हून."

लोकांना त्यांनी एवढेच सांगितले की हे साधन मला जमत नाही. त्यांनी दोरी आणि हातमोजेही बदलले आणि पिशवीतून दोन खाचांची, कळाहीन अ‍ॅल्युमिनियमची चकती काढली. तिच्यावर दोन पोती झेलून दाखवली. तरी टर्नरांनी मला विचारले, "गुरुजी, पोरीची दोरी यायच्याच हाती देता?"

सत्य माझ्या जिभेवर आले होते. मी म्हणालो, "दोरी तेच धरतील." कारण मात्र सांगितले नाही.

अर्ध्या कातळावर वसुधाचा पाय सुटला. खडे घरंगळत खाली आले, माझे डोळे मिटले. उघडून पाहिले तेव्हा चकतीने दोरी आवळली होती आणि वसुधा हातभर खाली येऊन लोंबकळत होती. "पाय ठेव बेटा," दादा शांतपणे म्हणाले, "घाई कावून करून राहिली?"

त्यानंतर 'दादांचा हात सुटतो' ही थट्टा बरेच महिने चालली. काही आईबापांनी मुले पाठवणे थांबवले. दादांनी ते सारे ऐकून घेतले, आणि निवृत्त होऊन वर्ध्याकडे गेले तरी माझे नाव काढले नाही. मीही बोललो नाही. पुरोहिताचा मान मला प्रिय होता. आता ते नाहीत, म्हणून उशिरा का होईना लिहून ठेवतो: त्या दिवशी त्यांची पकड सुटली नव्हती. तेल मी लावले होते.

वाचकहो, परमेश्वर तुमच्या घरादाराचे रक्षण करो, आणि तुमच्या लेकरांची दोरी सदैव अशाच हातांत असो.