तोंडात पुरी असताना मंजूर झालेला ठराव

"तीन विरुद्ध एक. मंजूर," असं म्हणून मी हात वर केला. टेबलाभोवती दुसरा हात वर नव्हता.

"हात खाली घ्या," धुळ्याचे आबासाहेब म्हणाले. "खांदा दुखेल."

रावेरच्या रेस्ट हाऊसमध्ये आमची मीटिंग चालली होती. सातपुड्याच्या पायथ्याला बुळकांडी शिरली होती. हा गुरांचा साथीचा रोग. गोठ्यात शिरला की गोठा रिकामा करून जातो. बैल काही राज्याची हद्द पाहून चालत नाहीत, म्हणून मुंबई राज्यातले खानदेशचे दोन जिल्हे आणि मध्य प्रदेशातलं निमाड यांची कमिटी नेमलेली. आबासाहेब अध्यक्ष, रावेरचे मामलेदार, निमाडचे व्हेटर्नरी डॉक्टर दुबेजी आणि जळगावचा व्हेटर्नरी डॉक्टर मी. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. हे मी मीटिंगच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. कोणी विचारलं नव्हतं.

माझा ठराव सोपा होता: हद्दीच्या दोन्ही बाजूंचे बैलबाजार बंद. दुबेजींचं एकच पालुपद, "बाजार बंद नहीं होगा. गव्हाला पाणी द्यायचंय, मोटेला बैल लागतात."

"सर, मेजॉरिटी आपली आहे," मी म्हणालो.

"असेल," आबासाहेब म्हणाले. "त्यांच्या बाजारात काठी घेऊन तुम्ही उभे राहणार का? इथे कन्सेन्सस चालतो."

कन्सेन्सस म्हणजे मतं मोजायची नाहीत. अध्यक्षांनी ठराव वाचायचा, कोणी हरकत घेतली नाही की झाला. सगळ्यांना आवडावा असं नाही, सगळ्यांना गिळता यावा. कॉलेजात डिबेटिंगचा कप मिळवलेल्या माणसाला हे कमीपणाचं वाटलं. मी आणखी बराच वेळ बोललो. दुबेजींनी फाईल बांधून ठेवली.

आबासाहेबांनी मीटिंग उठवली आणि आम्हाला नाना नावाच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या मळ्यात नेलं. तिथे नानांनी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली होती. बडगीत, म्हणजे लाकडाच्या लांबट भांड्यात, भरीत ठेचणं चाललं होतं. पंगतीत आबासाहेब मुद्दाम दुबेजींच्या शेजारी बसले.

"ठरावातलं काय गिळवत नाही, तेवढं सांगा."

दुबेजींनी पुरीचा तुकडा मोडला. मग हळूच म्हणाले, "लस ही नहीं है, साहब. बाजार बंद केला तर लोक विचारतील, टोचत का नाही. काय सांगू?"

लस माझ्याकडे होती, बर्फात ठेवलेली. आपली सोडून दुसऱ्याची अडचण विचारायची असते, हे माझ्या डिग्रीत नव्हतं.

आबासाहेबांनी तिथेच ठराव केला. जळगावची निम्मी लस निमाडला. बाजार भरेल, पण बैलांची खरेदी-विक्री नाही. टोचणी मात्र तिथेच. ज्यांना बैल लागतील त्यांनी तोवर सावडीने, म्हणजे एकमेकांचे आळीपाळीने, वापरावेत.

"कोणाला काही?"

मला होतं. निम्मी लस देण्याचा अधिकार मला नव्हता, शिवाय 'तोवर' म्हणजे कधीपर्यंत? मी तोंड उघडलं. आबासाहेबांनी भरिताने भरलेली आख्खी पुरी त्यात घातली.

"खा भो डागदर," नाना म्हणाले, "बठ्ठं गार व्हई जाई."

मिरची जबर होती. मी गिळेपर्यंत ठराव झालेला.

पायथ्याच्या दोन गावांत गुरं गेलीच. पण साथ बाजारात आली नाही, ना इकडे ना तिकडे. अधिकाराबाहेर लस दिली म्हणून मला मेमो मिळाला. मीटिंगच्या मिनिट्समध्ये माझ्या नावापुढे एवढंच आहे: 'यांनी हरकत घेतली नाही.' नंतर मी पुष्कळ कमिट्यांवर बसलो, भरपूर बोललो. एवढ्या उपयोगाचं पुन्हा काही जमलं नाही.