वारा पाठीवर घेऊन शांबोरला

ओदेतने एखादी गोष्ट मनावर घेतली की तिला अडवायची कुणाची टाप नव्हती. फ्रान्समधल्या मोंसोरो गावच्या द्राक्षमळ्यांत ऐन थंडीत वेलींची छाटणी करण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. अडुसष्टाव्या वर्षीही तिचे गुडघे शाबूत होते, आणि जीभ तर त्याहून. धाकटा भाऊ गास्तों तिच्याच घरी राहायचा. तो वाइनच्या बाटल्यांचा ट्रक चालवायचा, पण दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने त्याची दृष्टी गेली. तेव्हापासून खिडकीजवळची खुर्ची आणि रेडिओ, एवढंच त्याचं जग उरलं होतं.

एप्रिलमधल्या एका रविवारी जेवताना ओदेतने जाहीर करून टाकलं, "जूनमध्ये सुट्टीवर जायचं. ल्वार नदीच्या काठाने, किल्ले बघत, सायकलवरून. शेजाऱ्यांची दोन सीटची सायकल मी मागून ठेवलीय. मी पुढे, गास्तों मागे."

तूरहून आलेली गास्तोंची मुलगी मारिआन घास घ्यायची थांबली. "आत्या, बाबांना सायकलवर? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"आणि मी किल्ले बघू कशाने? नाकाने?" गास्तों तुटकपणे म्हणाला.

"डोळे होते तेव्हा तरी कुठे बघितलेस? जन्मभर त्यांच्या मागच्या दाराने बाटल्या उतरवल्यास आणि गाडी वळवलीस."

गास्तोंने पाव बाजूला सारला आणि रेडिओ मोठा केला.

ओदेतने वाद घातला नाही. रोज संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरायची आणि मोठ्याने बेत आखत बसायची. "ब्ल्वापर्यंत रेल्वेने जाऊ. मग शांबोरचा किल्ला बघून, नदीच्या प्रवाहाबरोबर सायकलने घरी."

गास्तोंने काही दिवस ऐकून घेतलं. मग त्याला राहवेना. "अगं बाई, सगळा वारा तोंडावर घेशील! वारा समुद्राकडून येतो. घरून निघायचं, नदीच्या वरच्या अंगाला जायचं. रेल्वे येताना!"

"असं होय?" ओदेत म्हणाली. त्याच वाऱ्यात सगळी हयात काढलेल्या बाईने चेहरा इतका भोळा केला होता, पण गास्तोंला तो दिसणार कसा!

मग बेत त्याचाच झाला. शिनोंला टेकडीवरून नको, नदीकाठानेच. आझेला मुक्काम. "आणि व्हूव्रेला दुपारी थांबायचं नाही. तिथली पांढरी वाइन प्यालीस की सायकल सरळ जाणार नाही तुझ्याने."

"आणि तू प्यालास तर?"

"मी मागे बसणार. मला काय!"

मारिआन समजूत घालायला पुन्हा आली, तर बाबा सायकलचं हॅन्डल चाचपत ब्रेकवरून आत्याशी भांडत होते. रोज फोन करायचं कबूल करवून घेऊन ती परत गेली.

पहिल्याच दिवशी दोघं वाटेकडेच्या खाजऱ्या झुडपांत पडली. "पाय मारतोयस की नुसते ठेवलेयस?" ओदेत ओरडली. "तू वळताना सांगत जा की!" तो मागून ओरडला. आझेपर्यंत त्यांचे पाय एका तालात पडू लागले. विलांद्रीच्या किल्ल्याच्या बागेत तो वासावरून पालेभाज्या ओळखत फिरला आणि माळ्याशी कांद्याच्या पातीवरून वाद घालून आला. व्हूव्रेला अर्थातच दोघं थांबली.

शांबोरच्या किल्ल्यात मधोमध दोन जिने एकमेकांभोवती गुंफलेले आहेत. दोन्हींवरून माणसं चढतात, पण वाटेत कुठेही भेटत नाहीत. ओदेतने हे सांगून हात पुढे केला. गास्तोंने तो धरला नाही.

"तू त्या जिन्याने जा. मी या."

ओदेत दुसऱ्या जिन्याकडे वळली. दगडावर हात फिरवत तो वर निघाला. मधल्या झरोक्यातून तिला त्याची टोपी दिसली, मग दिसेनाशी झाली.

"गास्तों!"

"आहे मी! ओरडू नकोस, लोक बघत असतील."

ती धापा टाकत चढत राहिली. शेवटच्या वळणावर वरूनच आवाज आला, "पोचलीस का गं? की मध्येच बसलीस?"

तो गच्चीच्या दारात उभा होता, घामाने चिंब. तिने डोळे पुसले आणि धुरांड्यांचं वर्णन करायला सुरुवात केली. तिसऱ्याच वाक्याला त्याने तिला थांबवलं. "हळू सांग. घाई कसली?"

त्या शरद ऋतूत गास्तों काठी घेऊन एकटाच नदीकाठच्या रविवारच्या बाजारात गेला. ओदेत दारात उभी राहिली, पण मागोमाग गेली नाही. तो बकरीच्या दुधाचं चीज घेऊन आला, नेमकं तिला न आवडणारं. तिने ते मिटक्या मारत खाल्लं.