मिल्फर्ड हाउगेनचा महागडा कॅमेरा

मिल्फर्ड हाउगेन माझ्या दुकानात आला की आधी दारातल्या पायपुसण्यावर बूट घासायचा, मग टोपी काढावी की नाही याचा विचार करायचा आणि शेवटी न काढताच आत यायचा. जन्मभर त्याने काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ काढणारी गाडी चालवली. लग्न केलं नाही. आईच्या घरात राहिला आणि आई गेल्यावर तिने लावलेले पडदेसुद्धा त्याने बदलले नाहीत. चिकटपणात त्याचा हात धरणारं आमच्या गावात कुणी नव्हतं. कॉफी गाळायचा कागद तो वाळवून पुन्हा वापरायचा, आणि हे त्याने मला स्वतः, अभिमानाने सांगितलं होतं.

विस्कॉन्सिनच्या उत्तरेला, जिथे रस्ते संपून नुसती झाडं उरतात, तिथे माझं दुकान आहे. अर्ध्या दुकानात खिळे, नळ, रंग; अर्ध्यात गळ, गांडुळं आणि शिकारीचं सामान. ऑगस्ट सरला की लोक झाडाला बांधायचे कॅमेरे बघायला येतात. कुठल्या वाटेने हरणं येतात, त्यात शिंगवाला नर आहे का, हे या कॅमेऱ्यांवरून आधी हेरून ठेवायचं आणि नोव्हेंबरात बंदूक घेऊन तिथे बसायचं, अशी आमच्याकडची रीत. प्रत्येकजण येऊन मला एकच विचारतो, स्वस्तातला घेऊ की महागातला? माझं उत्तरही ठरलेलं आहे. समोर काही हललं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो; स्वस्तातला उशिरा जागा होतो, त्यामुळे तुम्हाला हरणाचं शेपूट दिसतं. महागातला वेळेवर जागा होतो, तोंड दिसतं. स्वस्तातला वाऱ्याने हललेल्या गवताचे फोटो काढकाढून बॅटरी संपवतो. पण पायांत जोर असेल आणि दर आठवड्याला जंगलात जाऊन फोटोंचं कार्ड काढून आणायची तयारी असेल, तर एका महागड्याऐवजी पाच स्वस्त घ्या. गल्ल्यावर बसून असा सल्ला देणारी बाई धंद्याला काय कामाची, असं माझा नवरा म्हणायचा.

मिल्फर्डकडे स्वस्तातले तीन होते. एकाचं झाकण चिकटपट्टीने बांधलेलं, एकाच्या काचेवर कायमचं धुकं. दर रविवारी चर्च सुटलं की तो आपल्या चाळीस एकरांत जाऊन कार्डं काढायचा आणि थेट क्लेटस वोयचिकच्या स्वयंपाकघरात जायचा. क्लेटस दूधगाडी चालवायचा. दोघं मिसरूड फुटल्यापासून एकत्र शिकार करत आले. टेबलावर कार्डं ठेवायची, क्लेटसच्या जुन्या कॉम्प्युटरवर फोटो बघायचे, आणि क्लेटसने बोलत सुटायचं. दोघांचं मिळून जेवढं बोलणं असायचं तेवढं सगळं एकटा क्लेटस बोलायचा. मिल्फर्ड फार तर "हं" म्हणायचा. एका वाकड्या शिंगाच्या नराला क्लेटसने 'वाकड्या' असं नाव दिलं होतं आणि तो आपल्याच मेव्हण्यासारखा चालतो म्हणून गावभर सांगत फिरायचा.

मग एका मार्चमध्ये, बर्फ वितळायला लागला होता तेव्हा, क्लेटसला झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. बायको आधीच वारली होती, मुलगी लांब राहायची. तिने त्याला चर्चमागच्या वृद्धाश्रमात ठेवलं. त्याच्याकडे मोजके शब्द उरले होते: हो, नाही, एक कचकचीत शिवी, आणि 'पडला'.

हा शेवटचा शब्द जरा सांगायला हवा. नोव्हेंबरात बंदुकीच्या शिकारीचे नऊ दिवस असतात. त्या दिवसांत आमच्याकडे कुणी 'पडला' म्हणालं की त्याचा अर्थ एकच, नर पडला. कोण पडला असं कुणी विचारत नाही. फोनवर नवरा "पडला" म्हणतो आणि बायको गोठ्यात हरण टांगायची दोरी बांधायला जाते. क्लेटस हा शब्द इतक्या वेळा आणि इतक्या आनंदाने ओरडला होता की बाकीचे सगळे शब्द गेले तरी तो राहिला, असं वृद्धाश्रमातली जोलीन म्हणायची. ती तिथे त्याची देखभाल करते.

सप्टेंबरात मिल्फर्ड दुकानात आला. बूट पुसले, टोपी काढली नाही.

"महागातला दाखव," म्हणाला.

"मिल्फर्ड, तुला ताप आलाय का?"

"दाखव म्हटलं ना."

मी कपाटातून काढून दिला. "हा फोटो काढतो आणि लगेच फोनवर पाठवतो. कार्ड आणायला जायला नको. पण त्याचे दर महिन्याला पैसे भरावे लागतात."

"काढायचेही पैसे आणि बघायचेही पैसे?"

"हो."

"लुटारू आहात सगळे."

"मग हा घे की नेहमीचा. त्याच्या किमतीत असले पाच येतील. बस शेपटं बघत."

तो हसला नाही. कॅमेरा हातात उलटसुलट करत राहिला. "हा दुसऱ्याच्या फोनवर पाठवेल का?"

"दुसऱ्याच्या म्हणजे?"

"क्लेटसच्या. फोन नाही ग, त्याच्या पोरीने त्याला ती पाटी दिलीय, फोनसारखीच, पण मोठी काचेची. तिच्यावर."

पाठवेल, म्हणाले.

"किती वेळ लागतो पोचायला?"

"मिनिटभर. पण एक लक्षात ठेव, समोर काहीतरी हललं पाहिजे. उबदार अंगाचं, हलणारं. नुसतं उभं राहिलास तर तो ढिम्म. आणि तुझ्या जमिनीत सिग्नल फक्त टेकाडावर मिळतो. तिथल्या ओकच्या झाडाला बांध."

त्याने मान हलवली. मग गल्ल्याच्या कडेला धरून तो बोलायला लागला, आणि मिल्फर्डला मी एका दमात एवढं बोलताना आधी कधी ऐकलं नव्हतं. "रविवारी जातो मी त्याच्याकडे. तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे बघतो. मला काही सुचत नाही, अर्लीन. तो बोलायचा म्हणून मी गप्प बसायचो, आता दोघंही गप्प. थोड्या वेळाने मी उठतो. परवा उठलो तर त्याने तोंड भिंतीकडे केलं. हे असंच चाललं तर मी जायचा बंद होईन. मला ठाऊक आहे मी कसा आहे ते. आणि मी बंद झालो तर त्याच्याकडे दुसरं कोण जाणार?"

मी त्याला कॅमेरा बांधून दिला, बॅटऱ्या फुकट घातल्या. त्याने वर्षभराचे पैसे एकदम भरले. कॉफीचे कागद वाळवणाऱ्या माणसाने.

पुढचं मला जोलीनकडून कळायचं. क्लेटस सकाळपासून पाटी मांडीवर घेऊन बसायचा. मादी आली, पिल्लं आली, रानटर्की आली, की डाव्या हाताने तिला बोलावून दाखवायचा. रविवारी मिल्फर्ड आला की क्लेटस एकेक फोटो पुढे करायचा आणि मिल्फर्डला बोलावंच लागायचं. "ही ती लंगडी मादी." "इथे रात्री पाऊस झाला बघ." "वाकड्या आलाय, बुधवारपासून तिसऱ्यांदा." मिल्फर्ड वेड्यासारखा बडबडतो, असं जोलीन म्हणाली तेव्हा मी तिला खोटं ठरवलं होतं. रोज सकाळी तो टेकाडावर जाऊन कॅमेऱ्यासमोर उभा राहायचा, हातबित हलवायचा नाही, नुसता एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायचा, म्हणजे फोटो निघेल. क्लेटसचा दिवस तिथून सुरू व्हायचा.

शिकारीच्या पहिल्या शनिवारी गावात पुरुष उरत नाही. दुकानात मी आणि रेडिओ. वृद्धाश्रमात सगळ्या म्हाताऱ्यांना शिकाऱ्यांसारख्या नारिंगी टोप्या घालतात, आणि कुणाच्या मुलाचा, जावयाचा नर पडल्याचा फोन आला की जेवणघरातली घंटा वाजवतात. त्या दिवशी दुपारी ताटं वाढली जात होती आणि क्लेटस ओरडला, "पडला."

जोलीननेच घंटा वाजवली. कशी नाही वाजवणार? सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. "वाकड्याच असणार," कुणीतरी म्हणालं. म्हाताऱ्या बायका चाकांच्या खुर्च्या वळवून त्याच्याकडे आल्या, एकीने त्याच्या कपाळाचा मुका घेतला. क्लेटस "नाही, नाही" म्हणायला लागला.

"नाही काय, क्लेटस? आत्ता तूच म्हणालास," जोलीन हसून म्हणाली.

"पडला. नाही. पडला." त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आनंदाने रडतोय बिचारा, असं सगळ्यांना वाटलं, आणि दोघी-तिघींच्याही डोळ्यांत पाणी आलं. स्वयंपाकिणीने त्याच्यासाठी सफरचंदाच्या पायचा मोठा तुकडा आणला. त्याने शिवी हासडली, डाव्या हाताने ताट उडवलं आणि मांडीवरची पाटी जमिनीवर फेकली.

काच फुटली का ते बघायला जोलीन वाकली. पाटीवर मिल्फर्ड होता. टेकाडावर, आडव्या पडलेल्या ओंडक्याला पाठ टेकून, पाय पसरून बसलेला. बंदूक नीट बाजूला ठेवलेली. तिने बोट सरकवून मागचे फोटो बघितले. त्याआधीच्या एकात तो गुडघ्यांवर होता, त्याच्याही आधी पालथा.

तिने पाटी पुन्हा क्लेटसच्या मांडीवर ठेवली, रुग्णवाहिकेला फोन केला आणि मग मला, कारण मिल्फर्डच्या जमिनीला माझंच दुकान जवळ.

"अर्लीन, मिल्फर्ड..." ती म्हणाली.

"अरे वा, नर मारला? शिंगं किती टोकांची?" मी विचारलं.

"तो स्वतः, अर्लीन. तो स्वतः पडलाय. तुझी गाडी काढ."

दुकान उघडंच टाकून मी निघाले. टेकाडाखाली गाडी सोडली आणि बर्फातून त्याच्या पावलांवर पाय देत वर चढले. मला धाप लागली होती, तरी मी हाका मारत होते. उत्तर आलं नाही. तो तसाच बसला होता, ओंडक्याला टेकून, तोंड ओककडे. उजव्या हातातला मोजा काढलेला. मी त्याचा गळा चाचपला, मनगट चाचपलं, पुन्हा गळा चाचपला. अंग गार पडायला लागलं होतं.

मी खूप रडले. तो माझा कुणी नव्हता, शाळेच्या बसमध्ये मागच्या बाकावर बसायचा एवढंच, पण रडले. मग पुढे काय करावं म्हणून वर बघितलं आणि समोर ओकला बांधलेला तो कॅमेरा दिसला. मी आल्यापासून, मी हलत असल्यापासून, तो फोटो काढत होता. क्लेटस हे सगळं बघत होता.

मी उठले. डोळे पुसले. कॅमेऱ्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि डोक्यावरची टोपी काढली. त्याला दुसरं कसं सांगणार होते?

हृदय बंद पडलं होतं. लगेच कळलं असतं तरी काही करता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. ते सगळ्यांनाच तसं म्हणतात की काय, मला माहीत नाही. घंटा वाजवण्याआधी पाटी बघितली असती तर, हा प्रश्न जोलीनने अजून सोडलेला नाही.

नंतर तिने मला पाटीवरचे सगळे फोटो दाखवले. ओंडक्याला टेकल्यानंतरचे बरेच आहेत. प्रत्येकात तो थेट कॅमेऱ्याकडे बघतोय आणि प्रत्येकात उघडा उजवा हात वेगळ्या जागी आहे, कधी खांद्याशी, कधी छातीशी, शेवटी मांडीवर. गावात म्हणतात तो मदत मागत होता. पाद्रीबाबा म्हणाले, निरोप घेत होता. असेलही. पण समोर काही हललं नाही तर फोटो निघत नाही हे मीच त्याला सांगितलं होतं, आणि त्याने ते लक्षात ठेवलं होतं. जोवर हात हलवता येत होता तोवर तो क्लेटसला फोटो पाठवत राहिला. असल्या वेळी आपल्याला कुणीतरी बघतंय, एवढं तरी त्याला मिळालं. ज्यांच्याकडे स्वस्तातले आहेत त्यांना तेही मिळत नाही.

दफनाच्या दिवशी क्लेटसला खुर्चीवरून आणलं होतं. मिल्फर्डचा भाचा मिनियापोलिसहून आला होता, भला मुलगा. तो मला म्हणाला, "अर्लीनबाई, तो कॅमेरा काढून आणतो. तुम्ही परत घ्याल का?" मी उत्तर द्यायच्या आत क्लेटस म्हणाला, "नाही." मग शिवी दिली. पाद्रीबाबांच्या समोर दिली. कॅमेरा तिथेच राहिला.

'पडला' मात्र त्याने त्यानंतर उच्चारलेला नाही. बोलायला शिकवणारी बाई येते, तिने खूप प्रयत्न केला. तो हो म्हणतो, नाही म्हणतो, शिवी देतो आणि भिंतीकडे बघतो.

थंडीत बॅटऱ्या लवकर संपतात. म्हणून अधूनमधून मी टेकाडावर जाते, बॅटऱ्या बदलते, काचेवरचा बर्फ पुसते. मला गुडघ्यांचा त्रास आहे आणि उतारावर पाय घसरतो. पण काम झालं की मी लगेच निघत नाही. कॅमेऱ्यासमोर थोडी थांबते, एका पायावरून दुसऱ्या पायावर होते. मग वळते आणि सावकाश, पाठ ताठ ठेवून, झाडांतून खाली चालत जाते. आलेलं माणूस आपल्या पायांनी परत गेलं, हे क्लेटसला दिसायला हवं.