तळव्यावरचा निळा डाग

धुळ्याची ती घोडीचोरी मी अजून विसरलेलो नाही. ऐंशीच्या दशकाची अखेर होती आणि मी शहरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच एक म्हातारे गृहस्थ धापा टाकत आले. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची. वरातीला पांढरी घोडी भाड्याने देणे हा त्यांचा धंदा. ते अंघोळीला गेले तेवढ्यात कोणीतरी खोगिरासकट घोडी पळवली होती.

"साहेब, ती घोडी नही, मनी पोर शे," म्हणत ते बाकावर बसले आणि रडू लागले.

फिर्याद नोंदवली. सारंगखेड्याचा घोडेबाजार तोंडावर आला होता. तिथे घोडी विकली गेली असती तर पुन्हा दिसली नसती. नाक्यांवर निरोप दिले, पण लग्नसराईत सजवलेली घोडी घेऊन जाणाऱ्याला कोण अडवतो? लोक उलट बाजूला होऊन वाट देतात.

दुपारी सरकारी दवाखान्यातून फोन आला. अपघाताचा रुग्ण आला की ठाण्याला कळवावे लागते, तसा तो नेहमीचा फोन. दोंडाईचा रस्त्यावर एका तरुणाच्या पायावरून ट्रकचे चाक गेले होते. जबाब घ्यायला हवालदारांना घेऊन मीच गेलो.

तरुण पाठ केल्यासारखा बोलत होता. ट्रक कोणत्या बाजूने आला, हे विचारले की मात्र अडखळे. हाडांचे डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले आणि त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला.

"चाक गेलं असतं तर कातडी सोलली असती. इथे वर साधं खरचटलेलंही नाही, पण तळव्यावर निळा डाग आहे. घोटा शाबूत, बोटं शाबूत, मधलीच हाडं सांध्यातून सरकलीत. असं मी फक्त पुस्तकात वाचलं होतं!" त्यांना आनंद लपवता येत नव्हता.

"कशाने होतं हे?" मी विचारले.

"पंजा कशात तरी अडकतो आणि माणूस वरून कोसळतो. पूर्वी घोडदळातल्या स्वारांना व्हायचं, रिकिबीत पाय अडकून."

हवालदार माझ्याकडे बघू लागले. आम्ही दोघेही आत वळलो.

"घोडी कुठे आहे?" मी सरळच विचारले. तरुणाने भिंतीकडे तोंड फिरवले. दरडावले, समजावले, पण तो ट्रकचेच तुणतुणे वाजवत राहिला. मग डॉक्टर त्याच्या खाटेवर बसले.

"हे बघ, हाडं जागेवर बसवून तारांनी धरावी लागतील. नाहीतर जन्मभर लंगडशील. पाय कसा पिळला, ते मला खरं सांग."

तो गडी एकदम रडू लागला. "डाक्टरसाहेब, मना पाय वाची ना?"

मग सगळी हकिगत बाहेर आली. घोडी बाजारात विकायची होती. वाटेतल्या एका गावात लग्न होते, बँड गावाबाहेरच्या रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. "बँड वाजना अन् ती नाचाले लागनी! मी लगाम वढा, ती मांगला पायवर उभी ऱ्हायनी." तो पडला, पाय रिकिबीत राहिला. एका भल्या ट्रकवाल्याने त्याला दवाखान्यात आणून सोडले होते, आणि याने अपघात त्याच्याच माथी मारला होता.

"आणि घोडी?"

"ती बँडमांगे चालनी गयी."

नानांना जीपमध्ये घालून आम्ही त्या गावी गेलो. वरात भर रंगात होती आणि घोडीवर नवरदेव! मुलाकडच्यांना वाटले, नवरीच्या मामाने हौसेने पाठवली. मामाला वाटले, मुलाकडच्यांनी आणली. नाना धावत जाऊन तिच्या गळ्यात पडले. मी पंच शोधू लागलो, तोच नवरदेवाचे आजोबा हात जोडून आले.

"साहेब, नवरदेवले मारुतीपावत जाऊ द्या, मंग घोडी लई जा."

मी नानांकडे पाहिले. त्यांनी डोळे पुसले, लगाम धरला आणि बँडवाल्यांना ओरडून सांगितले, "वाजाडा रे!" पोलिसांची जीप मुंगीच्या गतीने वरातीमागे निघाली. पंचनामा नंतर मांडवात झाला, बुंदीच्या ताटाशेजारी.

तरुणाचे ऑपरेशन नीट झाले. नाना त्याला दवाखान्यात बघून आले आणि मला म्हणाले, "लबाड शे, पण पाय बरा व्हवाले पाहिजे." तो झालाही. कोर्टात गुन्हा कबूल करायला तो स्वतःच्या पायांनी चालत गेला. शिक्षा थोडक्यात आटोपली.

आम्ही पोलीस, माणूस काय लपवतो, याच्या मागे लागतो. त्याला भीती कशाची आहे, हे मी त्यानंतर आधी बघू लागलो. त्या तरुणाला तुरुंगाची नव्हे, लंगडेपणाची भीती होती. ती डॉक्टरांनी ओळखली, मी नाही. गुन्हा उघडकीस आणल्याची शाबासकी मात्र वरिष्ठांनी मला दिली, आणि मी ती हसत हसत घेतली.