सांडशी आणि आयोडिनचे थेंब

सर्जेरावने संपतच्या कानाखाली मारली तेव्हा मिलमधल्या एकानेही मान वळवली नाही. मुकादम कुणाला मारत असला तरी नजर रुळांवरच ठेवायची असते. संपतने तोंडातले रक्त थुंकले आणि सांडशी उचलली. मार लागल्याचे त्याला फारसे वाटले नाही. मार रास्त होता, याचे वाटले. कांब हुकली होती.

संपत तीर्थपुरीचा. जालन्यात गज ओढणाऱ्या मिलमध्ये बावीस वर्षे सांडशीवर. भट्टीतून लालभडक कांब निघते, रुळांच्या जोडीत दाबली जाते आणि पलीकडून सुसाट बाहेर पडते. तिथे उभ्या गड्याने सांडशीने तिचे तोंड धरायचे, वळवायचे आणि पुढच्या रुळात खुपसायचे. पापणी लवायलाही सवड नसते. धरली तर गज होतो. सुटली तर हवेत उसळते आणि समोर जे असेल त्यातून आरपार जाते. म्हणून अर्धा तास सांडशी, अर्धा तास बसणे. बसल्यावर पिंपातले मिठाचे पाणी प्यायचे. घामातून मीठ गेले की पोटऱ्यांत गोळे येतात, माणूस आडवा होतो. रोज सकाळी पिंपात मिठाची दोन पाकिटे पडत. मिलमधले तेवढेच एक औषध होते, आणि ते दहा मिनिटांत लागू पडे.

वर्षभरात संपतला भलतेच काही होऊ लागले. भट्टीपासून दहा हातांवर त्याला थंडी वाजे. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, हात उशिरा हलू लागला. घरी एकदा भाकरीला उशीर झाला म्हणून त्याने बायकोवर, दुर्गाबाईवर, तांब्या फेकला. तो तिच्यापासून हातभर लांब भिंतीवर आदळला.

"एवढ्याशा घरात नेम लागंना तुमचा," ती म्हणाली. "मिलमध्ये काय करून राह्यले तुमी?"

दुसऱ्या दिवशी तिनेच त्याला सरकारी दवाखान्यात नेले. रक्त तपासले. थायरॉइड मंद झालेला निघाला. डॉक्टरीणबाईंनी रोज पहाटे एक गोळी सांगितली. नुसत्या पाण्यासोबत, आणि नंतर तासभर चहासुद्धा नाही. गुण यायला सहा-आठ आठवडे लागतील, गोळी बहुधा जन्मभर घ्यावी लागेल, असेही बजावले.

संपतपाशी आठ आठवडे नव्हते. पंधराव्या दिवशी सर्जेरावने त्याच्या बरगडीत सांडशीचा दांडा खुपसला आणि पुन्हा हुकलास तर भट्टीत घालीन म्हणाला. तेव्हा माल भरणाऱ्या कल्याणने त्याला एक बाटली आणून दिली. आयोडिनचे थेंब, दिवसाला दोन. कल्याणचे म्हणणे असे की, थायरॉइड चालतो आयोडिनवर. तो मंद झाला म्हणजे आयोडिन कमी पडले, गोळीने नुसता वेळ जातो. संपतला ते पटले. मीठ प्याले की गोळे जातात, मिठात आयोडिन असते, मग हा तर त्याचा अर्कच. त्याने गोळी बंद केली. दोनाऐवजी दहा थेंब, तेही मिठाच्या पाण्यात. मेहनत दुप्पट केली की काम लवकर उरकते, हे त्याला बावीस वर्षांत कळले होते. औषधालाही त्याने तोच हिशेब लावला.

महिन्याने कांब सुटली.

ती रुळातून आली, संपतला दिसली, हातही निघाला. पण सांडशी मिटली तेव्हा तिथे कांब नव्हती. ती उसळली, वळली आणि पलीकडे उभ्या मच्छिंद्रच्या मांडीतून गेली. मच्छिंद्र त्याचा अकरा वर्षांचा जोडीदार. कांब तापलेली असल्याने रक्त कमी आले, मांस भाजल्याचा वास मात्र सगळ्या शेडभर पसरला. चौघांनी ती ओढून काढली, तेव्हा मच्छिंद्रने दातांनी स्वतःचे मनगट फोडले.

दवाखान्याच्या आवारात संपतने कल्याणचा गळा धरला आणि त्याचे डोके भिंतीवर आपटले. दोनदा. कल्याणने हात सोडवायची धडपडही केली नाही.

"म्या दोन थेंब सांगितल्ते," तो घुसमटत म्हणाला. "तू किती घेतले, सांग."

संपतचे हात सुटले.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रक्त तपासले. आकडा पहिल्यापेक्षा वाईट होता. बाटली पाहून त्यांनी विचारले की घरात मीठ कोणते, मिलमध्ये कोणते. दोन्हीकडे पाकिटातलेच.

"मग आयोडिन कमी कुठून पडणार? तुम्ही तर पिंपाने पिता," त्या म्हणाल्या. "तुमचं शरीरच त्या ग्रंथीला मारतंय. वरून आयोडिन ओतलं की ती आणखी मंद होऊ शकते. घामाचं मीठपाणी चालू द्या. हे थेंब बंद. गोळी सोडायची नाही."

संपतला ते भट्टीवरून कळले. आतले अस्तर ढासळले असेल तर कोळसा वाढवून भट्टी तापत नाही.

माणसे कमी होती. सर्जेरावने तिसऱ्याच दिवशी सांडशी त्याच्यापुढे फेकली. संपतने ती उचलून खुंटीला लावली.

"दोन महिने न्हाई धरणार. आत्ता धरली तर माणूस मरंल."

सर्जेरावने त्याला छातीत लाथ घातली. तो पडला, उठला आणि पुन्हा खुंटीपुढे उभा राहिला. दुसरी लाथ, मग तिसरी. चौथ्यांदा तो गुडघ्यांवरच राहिला, पण खुंटीपुढून हलला नाही. शेवटी सर्जेरावने त्याच्या अंगावर फावडे भिरकावले. रुळांखाली लोखंडाचे जळके पापुद्रे साचतात. ते ओढायचे काम. नवख्या पोरांचे. संपतने ते दोन महिने केले, आणि कोपऱ्यातले पापुद्रेही सोडले नाहीत. पहाटे तो गोळी घेई. तासभर दुर्गाबाई चुलीपाशी बसून राही आणि चहाचे आधण ठेवू देत नसे.

दोन महिन्यांनी आकडा जागेवर आला. थंडी गेली, सूज उतरली. सर्जेराव म्हणाला, धर सांडशी. संपतने मच्छिंद्रला बोलावून घेतले.

मच्छिंद्र काठी टेकत आला. मिल दुरुस्तीला बंद होती. संपत आपल्या जागी उभा राहिला आणि मच्छिंद्रला म्हणाला, वीस थंडे गज घे, न सांगता माझ्या छातीवर फेक, हात राखू नको; एक जरी सुटला तर मी तापली कांब धरणार नाही. मच्छिंद्रने हात राखला नाही. त्याची मांडी अजून भरली नव्हती आणि तो राग त्याने प्रत्येक गजात घातला. एकामागून एक गज आले, एकामागून एक सांडशीत अडकले. सतरावा सुटला. संपतच्या गळ्याखालचे हाड मोडल्याचा आवाज दोघांनी ऐकला. तरी उरलेले तीन त्याने एका हाताने धरले.

"एकोणीस झाले," मच्छिंद्र म्हणाला. "बस झालं की, गड्या. एवढे तर मलाबी धरता येत न्हाईत."

संपतने डाव्या हाताने सांडशी खुंटीला लावली.

"हाड जुळलं की परत फेकायला ये," तो म्हणाला, आणि फावडे घेऊन रुळांखाली उतरला.