हिरवी टेस्ट आणि काकांचा दाखला

नांदेडला इंजिनिअरिंग केलं आणि लातूरच्या एका क्लासच्या ऑफिसात लागलो. प्रवेशाची वेबसाइट मीच बनवली होती. भूकंपग्रस्ताचा दाखला असलेल्या घरच्या पोरांसाठी तिथं बिनफीच्या काही जागा असत. दाखला काउंटरवर बघायला दिला की पोराच्या नावापुढं खूण व्हायची.

वेबसाइट तपासायला मी टेस्ट लिहिल्या होत्या. म्हणजे कॉम्प्युटरच एक खोटा विद्यार्थी तयार करणार, दाखल्याची खूण करणार, मोबाइल नंबर बदलणार आणि शेवटी खूण जागेवर आहे का बघणार. सगळं ठीक असलं की पडद्यावर हिरवं. त्या हिरव्याचा मला लई माज होता.

बिनफीच्या जागांची यादी लागली त्या दिवशी किल्लारीकडचे एक काका पोरीला घेऊन आले. तिला डॉक्टर व्हायचं होतं आणि यादीत तिचं नाव नव्हतं.

"दाखला दिलता की साहेब. माझ्या मायच्या नावचा हाय. मधी फकस्त फोनचा नंबर बदलला."

मी पडदा त्यांच्याकडं फिरवला. खूण नव्हती. त्यांनी पिशवीतून दाखला काढला, पण तोवर जागा भरल्या होत्या. मागं रांग वाढत होती, माझं डोकं फिरलं. पोरीच्या देखत म्हणालो, "काका, मशीन खोटं बोलत नाही. तुम्हीच विसरला असाल."

काकांनी दाखला घडी करून पिशवीत ठेवला आणि पोरीला घेऊन निघाले.

पंधरा दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी ती टेस्ट उघडली आणि चूक दिसली. नंबर बदलल्यावर डेटाबेसमधली नोंद पुन्हा वाचायला हवी होती. माझी टेस्ट बदलाच्या आधीची जुनी नोंदच हातात धरून बसली होती. पोरगं घरी आलं का, हे भिंतीवरचा फोटो बघून सांगावं, तसला प्रकार. नोंद पुन्हा वाचायची एक ओळ घातली आणि टेस्ट लाल झाली. नंबर बदलला की खूण खरंच पुसली जात होती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या माझ्याच.

क्लासच्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, बॅच सुरू झाली, आता जागा कुठून आणू?

रविवारी एसटीनं काकांच्या गावी गेलो. काका ओट्यावर होते, पोरगी तिथंच डाळ निवडत होती. दोघांसमोर सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे मी दिलता?" काकांनी विचारलं.

"हाव काका, दिला होता."

"मला बी वाटून राहिलं होतं, आपणच इसरलो असंल."

पोरीनं हात थांबवला. "आता मिळंल का जागा?"

"नाही," मी म्हणालो.

"जागेचं जाऊ द्या," ती म्हणाली. ती बापाकडं बघत होती, माझ्याकडं नाही. "पंधरा दिवस मी अण्णाला लबाड म्हणत राहिले."